प्रबंध टाइप करून देणं आणि प्रबंध लिहून देणं: मधली रेघ कुठं ओढायची?

टंकिका (मंगळवार, रात्री १०.४०)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दीड गाळा, त्यातल्या अर्ध्यात झेरॉक्स. २००७ पासून मीच चालवते. वर्षभर कोर्टाचे अर्ज, भाडेकरार, स्थळांचे बायोडेटा आणि फेब्रुवारी ते मे प्रबंधांचा हंगाम. एम.एड., एम.ए. शिक्षणशास्त्र, एम.एस.डब्ल्यू., मधूनच एखादी पीएच.डी. हातानं लिहिलेली फुलस्केप पानं यायची, मी टाइप करायचे. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, पाच प्रती, विषय संपला. मराठी पानाला सध्या पंधरा रुपये घेते.

मी स्वतः एम.ए. मराठी. सेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) तीनदा दिली. दोनदा थोडक्यात गेली, तिसऱ्यांदा पोरगं पोटात होतं. असो.

सुरुवातीला मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. पुढं लोक म्हणायला लागले, ताई, वाक्य जरा नीट करा की. केलं. मग ऋणनिर्देश. खरं सांगते, आमच्या भागातल्या निम्म्या प्रबंधांचे ऋणनिर्देश माझे आहेत. ‘माझ्या सहचारिणीने संसाराचा भार एकटीने पेलला म्हणूनच’ हे वाक्य मी किमान चाळीस नवऱ्यांच्या वतीनं लिहिलंय. आणि शेवटची ओळ, ‘अल्पावधीत सुबक टंकलेखन करून दिल्याबद्दल’ अमुक ताईंचे आभार, ती पण मीच लिहिते. स्वतःचे आभार स्वतः मानणारी बाई दुसरी बघितली नसेल तुम्ही.

२०१६ ला एक सर एकशेवीस कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन आले. म्हणाले, शाळांना सुट्टी लागली, आता विद्यार्थी कुठून आणू, एवढ्या भरून द्या. एका प्रश्नावलीला तीन रुपये. मी, माझा मुलगा आणि नणंदेची दोन पोरं, दुपारभर दुकानाच्या फरशीवर बसून भरल्या. चार रंगांची पेनं घेतली. धाकट्याला सांगितलं, तू डाव्या हातानं भर, अक्षर वेगळं दिसतं. पोरांना मजा वाटली, एकानं वडिलांचा व्यवसाय ‘डाकू’ लिहिला, ती प्रश्नावली फाडावी लागली. पुढं त्या एकशेवीस (खरं म्हणजे एकशे एकोणीस) पोरांच्या उत्तरांवरून टक्केवारी निघाली, वर्तुळालेख निघाले, आणि ‘६४ टक्के विद्यार्थ्यांना गणिताची भीती वाटते’ असा निष्कर्षही निघाला. ती भीती माझ्या नणंदेच्या थोरल्याला वाटते, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

मग फॉन्टचं प्रकरण. साहित्यचोरी तपासायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा कुणीतरी शोध लावला, की श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलं की सगळं पास. कारण त्या फॉन्टातलं मराठी आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, मराठीचा नुसता मुखवटा. सॉफ्टवेअरला तो कचरा दिसतो, जुळणी शून्य. दोन वर्षं लोक मुद्दाम येऊन सांगायचे, ताई, युनिकोड (ज्यात अक्षर आतूनही मराठीच असतं) नको. आता बहुतेक ठिकाणी युनिकोडच मागतात, त्यामुळं ती गंमत संपली.

तर सध्याचं असं आहे. पुण्याहून एक गृहस्थ येतात, सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, कुठं शिकवतात ते कुणाला ठाऊक नाही. २०१९ ला त्यांनी मला एक पीएच.डी.चा प्रबंध लिहून द्यायचे चाळीस हजार देऊ केले होते. तेव्हा माझं धाडस झालं नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा आले. आता लघुप्रबंधाचे बारा हजार म्हणतात. गिऱ्हाईक पण माझंच आहे. इथल्याच एका हायस्कुलातल्या बाई, बावीस वर्षं नोकरी झालेली, निवड श्रेणीसाठी (पगाराच्या वरच्या टप्प्यासाठी) पदवी वाढवायचीय. विषय मुलींची शाळेतली गळती. बाईंना मी ओळखते, माझ्या मुलाला त्यांनी शिकवलंय. सासू अंथरुणाला खिळलेली, शाळेत जनगणनेपासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सगळी कामं अंगावर. त्या म्हणाल्या, ‘तू लिहिलंस तर निदान शुद्ध तरी होईल. नाहीतर ते सर कुणाकडूनही करून घेतीलच.’

शंभर पानांच्या टायपिंगचे मला पंधराशे मिळतात. बारा हजार म्हणजे झेरॉक्स मशीनचे दोन हप्ते निघून वर उरतील.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, यात कायद्यानं मी अडकते का? दुसरं, मी आजवर जे केलं त्यात आणि हे करण्यात खरंच फरक आहे का, का मी उगाच सोवळं पाळतेय? उपदेश नको. या धंद्यात होता किंवा आहात अशांनी सांगावं.

रोखठोक_सातारकर (मंगळवार, रात्री ११.१२)

ताई, एवढा विचार कशाला? शिंपी कोट शिवतो, नवरदेव घालून मिरवतो. शिंप्याला कुणी विचारत नाही तू का शिवलास. पुढाऱ्यांची भाषणं कोण लिहितं? बारा हजार घ्या आणि मोकळ्या व्हा. तुम्ही नाही घेतले तर दुसरा घेणार.

टंकिका (मंगळवार, रात्री ११.३०)

दादा, नवरदेव कोटाच्या आत चिठ्ठी लावत नाही ना, की ‘हा कोट मी स्वतः शिवला असून तो पूर्णपणे माझी निर्मिती आहे’. प्रबंधात दुसऱ्या पानावर तसं प्रतिज्ञापत्र असतं. ते पण मीच टाइप करते, म्हणून पाठ आहे.

बोरूबहाद्दर (बुधवार, पहाटे १.०५)

टंकिकाताई, मी या धंद्यात होतो. २०१३ ते २०१८, पुण्यात, कोथरूडमध्ये. आडगल्लीत तीन खोल्यांचा फ्लॅट, दारावर पाटी नाही. आत परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध लिहून देणारे आम्ही चौदाजण. इंग्रजीचे एम.ए., इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेले, एक बी.ए.एम.एस. डॉक्टर, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे दोघं. गिऱ्हाईक सगळं इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचं. आम्हाला नावं कळायची नाहीत, फक्त ऑर्डर नंबर, शब्दसंख्या आणि वेळ. इंग्लंडची मध्यरात्रीची मुदत म्हणजे आपल्याकडं हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. पाच वर्षं मी कोंबड्याच्या वेळेला झोपलो.

हजार शब्दांचे मला साडेतीनशे मिळायचे, तातडीचं असेल तर पाचशे. वेबसाइटवर तेवढ्याच शब्दांचा दर ऐंशी-नव्वद पौंड असायचा. मधले कुठं जायचे ते मालकाच्या गाडीकडं बघून कळायचं. गिऱ्हाइकानं तक्रार केली की आधी लेखकाचे पैसे कापले जायचे, मग चौकशी. आणि एक निबंध एकदाच विकला जायचा असं नाही. सहा महिन्यांनी तोच ‘नमुना’ म्हणून दुसऱ्या साइटवर दिसायचा.

मी मॅनेजमेंट लिहिलं, कायदा लिहिला, हॉटेल व्यवस्थापन लिहिलं. मी आयुष्यात हॉटेलात राहिलेलो फक्त मित्राच्या लग्नात. ते सगळं चालून गेलं. डोक्यात राहिलं ते नर्सिंग.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तिकडं आत्मपरीक्षणाचे निबंध लिहायला लावतात. त्यासाठी गिब्ज नावाच्या शिक्षणतज्ज्ञाचं १९८८ चं एक चक्र वापरतात, सहा पायऱ्यांचं. पहिली पायरी काय घडलं, दुसरी तुम्हाला काय वाटलं, मग मूल्यमापन, विश्लेषण वगैरे. एक ऑर्डर आली, दीड हजार शब्द, विषय अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णाची काळजी. आता मी कुठला रुग्ण आणू? आमची आजी शेवटचे आठ महिने गादीवर होती, तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. आई आणि मी तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचो. एका रात्री मला झोप लागली आणि मी वळवलं नाही. ते सगळं मी लिहिलं. आजीच्या जागी ‘मिसेस बी’, आमच्या माजघराच्या जागी वॉर्ड. दुसऱ्या पायरीत, ‘तुम्हाला काय वाटलं’ मध्ये, जे मी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं ते लिहिलं.

बहात्तर मार्क पडले. तिकडं सत्तरच्या वर म्हणजे पहिला वर्ग. मालकानं दोनशे रुपये जादा दिले आणि परीक्षकाचा शेरा वाचून दाखवला, की विद्यार्थिनीच्या प्रामाणिकपणानं ते भारावले. सगळे हसले. मीही हसलो.

ती मुलगी आज कुठल्यातरी इस्पितळात रात्रपाळी करत असेल. रुग्णाला दर दोन तासांनी वळवायचं हे तिला ठाऊक असेल, नसेल, मला काय माहीत. मी मॅनेजमेंटच्या निबंधांबद्दल कधीच झोप घालवली नाही, खोटं कशाला बोलू. या एकाबद्दल घालवतो.

कायद्याचं विचारलंत. ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये असा धंदा करणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, लाखाहून जास्त डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इंग्लंडनं २०२२ मध्ये असे निबंध पुरवणं आणि त्यांची जाहिरात करणं गुन्हा ठरवलं. पण कोथरूडच्या फ्लॅटपर्यंत किंवा नैरोबीतल्या खोलीपर्यंत (केनियातही हा धंदा मोठा) ते हात पोचत नाहीत. धंद्याला खरा फटका २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आल्यावर बसला. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे दर वर्षभरात निम्म्यावर आले. आता त्यांना लिहायला सांगतच नाहीत. यंत्रानं लिहिलेलं ‘माणसानं लिहिल्यासारखं करा’ एवढंच काम.

ते तुमचे पुण्याचे सर चाळीसवरून बाराला का उतरले, ते त्यांना नीट विचारा. मला वाटतं तुम्हाला लिहायचं नाहीच आहे.

टंकिका (बुधवार, सकाळी ९.१५)

दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत. काल रात्री मी त्यांना फोन केला. म्हणाले, ‘मजकूर मी पाठवतो, तुम्ही फक्त मराठी सुधारा.’ पहिली वीस पानं सकाळी मेलवर आली. वाचवत नाहीत हो. प्रत्येक परिच्छेद ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ नं सुरू. मुलींच्या गळतीच्या कारणांमध्ये ‘जागरूकतेचा अभाव’ आहे, ‘सामाजिक मानसिकता’ आहे. आमच्या तालुक्याचं नाव एकदाच आलंय आणि तेही नदीच्या चुकीच्या काठावर.

तुमच्या आजीचं वाचून गिऱ्हाइकासमोर डोळे पुसावे लागले, आणि तो माणूस वारसनोंदीचा अर्ज करायला आलेला, त्याला वाटलं मी त्याच्यासाठीच रडतेय.

कॉव्हेंट्रीकर (बुधवार, दुपारी २.५०)

मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो. माझं नाही, रूममेटचं. (खरंच रूममेटचं.)

इथं इंग्लंडात उतरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज यायला लागतात. नंबर यांना कोण देतं देव जाणे. ‘भाऊ, असाइनमेंटचं टेन्शन आहे का? सत्तर प्लसची गॅरंटी.’ मराठीत! माझा रूममेट म्हणजे नाशिकचं पोरगं, बापानं द्राक्षबाग तारण ठेवून पाठवलेलं. सत्र चालू असताना व्हिसावर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यात भाडं निघत नाही, म्हणून हा गोदामात रात्रीही जायचा, ते वेगळंच बेकायदा. सकाळी वर्गात झोपायचा. शेवटी दोन असाइनमेंट विकत घेतली. पहिलं पास झालं. दुसऱ्यात मार्क कमी पडले म्हणून यानं पैसे परत मागितले, तर समोरून उत्तर आलं, ‘तुझ्या विद्यापीठाचा ईमेल आमच्याकडं आहे. पाठवू का सगळं चॅट?’ आणि वर अजून दीडशे पौंड मागितले.

यानं दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा मागितले.

तिसऱ्यांदा तो स्वतःच प्राध्यापिकेकडं गेला आणि सांगून टाकलं. समितीपुढं बसला, ते मॉड्यूल शून्य झालं, पुन्हा द्यावं लागलं. हाकललं नाही. पण त्या चार महिन्यांत बारा किलो उतरला. बोरूबहाद्दर, तुमच्या वेळी पण मालक असं करायचा का?

बोरूबहाद्दर (बुधवार, दुपारी ४.२०)

करायचा. आमच्यासमोर नाही, आतल्या खोलीतून. आम्हाला कळलं तेव्हा दोघांनी काम सोडलं. मी सोडलं नाही, मला त्यानंतर अजून अकरा महिने लागले.

खडू_डस्टर (बुधवार, रात्री ९.००)

मी निवृत्त प्राध्यापक. एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली सोळा पीएच.डी.चा मार्गदर्शक होतो. टंकिकाबाई, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग माझं.

आपल्याकडं प्रबंध लिहून देणाऱ्यावर थेट लागू होईल असा खास कायदा नाही. महाराष्ट्राचा १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधाचा कायदा परीक्षांसाठी आहे, केंद्राचा २०२४ चा कायदा भरतीच्या आणि प्रवेशाच्या सार्वजनिक परीक्षांसाठी. पण म्हणून तुमच्या गिऱ्हाईक बाईंना धोका नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं, की हे काम माझं स्वतःचं आणि मूळ आहे. मार्गदर्शकालाही प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुळणी १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादरच करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य त्यात धरत नाहीत. त्यामुळं तुमच्याकडं येणाऱ्या लोकांना चौदा शब्दांनंतर एक शब्द बदलायची सवय लागली असेल, बघा.

गंमत अशी, की हे सगळं यंत्र नक्कल पकडतं. दुसऱ्यानं नव्यानं लिहून दिलेला प्रबंध तीन-चार टक्क्यांत पास होतो, प्रामाणिक विद्यार्थ्यापेक्षा स्वच्छ. कारण प्रामाणिक पोरगं कुठंतरी अवतरणचिन्ह द्यायला विसरतं आणि सापडतं. विकत आणणारा विसरत नाही, त्यानं त्याचेच पैसे मोजलेले असतात.

आता माझं. एका मौखिकीला (प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेला) मी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. शिक्षणशास्त्राचा प्रबंध, तीनशे दहा पानं. चौथ्या प्रकरणात पानोपानी ‘काय वर्ग’ चाचणी (संख्याशास्त्रातली काय-स्क्वेअर). मी सहज विचारलं, ‘काय वर्ग कशासाठी वापरलात?’ उमेदवार म्हणाला, ‘सर, नववीचा.’ मला वाटलं त्यानं प्रश्न नीट ऐकला नाही. पुन्हा विचारलं, ‘नाही, काय वर्ग, काय वर्ग!’ तो घाबरला आणि म्हणाला, ‘सर, नववी अ आणि ब, दोन्ही तुकड्या.’

सभागृहात कुणी हसलं नाही. मीही नाही. मार्गदर्शक माझे जुने स्नेही, ते खिडकीबाहेर बघत होते. दुपारी उमेदवाराच्या खर्चानं जेवण होतं, बासुंदी होती. मी सही केली. तो माणूस आज एका महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवतो.

मी असं का केलं, याची कारणं माझ्याकडं तयार होती आणि आहेत. २०१० च्या सुमारास पदोन्नतीसाठी गुणांक मोजायला लागले, प्रत्येक गोष्टीला अंक. शोधनिबंधाला अंक, परिषदेला अंक, मार्गदर्शन केलेल्या पीएच.डी.ला अंक. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. आठही जागा भरलेल्या, त्यातले सहाजण पूर्णवेळ नोकरीत, ग्रंथालयाचं तोंड न बघितलेले. मी आठ प्रबंध खरंच वाचले असते तर माझा एकही तास झाला नसता. मग तुम्ही पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचता. मग फक्त शेवटचं. मग सही कुठं करायची तिथं चिठ्ठी लावलेली असते.

बाई, चाळीस नवऱ्यांच्या वतीनं तुम्ही बायकांचे आभार मानलेत, त्यात कुणाचं वाईट झालं नाही. प्रश्नावल्या भरल्यात ते मात्र वाईट केलंत, असं मी म्हणेन, आणि हे म्हणायचा मला काडीचा अधिकार नाही. त्या ६४ टक्क्यांचा आधार घेऊन नंतर कुणी आणखी एक लघुप्रबंध लिहिला असेल. माझ्याच विद्यार्थ्यानं लिहिला असण्याची शक्यता आहे.

तुमच्या गिऱ्हाईक बाईंना बावीस वर्षांत किती मुली गळताना दिसल्या असतील? ते त्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या सरांना नाही आणि यंत्रालाही नाही. एवढंच सुचवतो.

रोखठोक_सातारकर (बुधवार, रात्री ९.४५)

सर, बासुंदी कशी होती?

खडू_डस्टर (बुधवार, रात्री १०.१०)

उत्तम होती. म्हणूनच लक्षात आहे.

टंकिका (पुढच्याच्या पुढच्या आठवड्यातला सोमवार, रात्री ११.२०)

उशीर झाला, माफ करा. इकडं बऱ्याच गोष्टी झाल्या.

खडू_डस्टर सरांचं वाचल्यावर मी बाईंना फोन करून रविवारी दुकानात बोलावलं. शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे झेरॉक्सवाले येऊ नयेत. म्हटलं, बाई, तुम्ही बोला, मी टाइप करते. प्रकरण-बिकरण नंतर बघू. तुमच्या वर्गातली शाळा सोडलेली पहिली मुलगी कोण आठवते?

आधी त्या प्रबंधाच्याच भाषेत बोलायला लागल्या. ‘ग्रामीण भागातील पालकांची उदासीनता.’ मी टाइप केलंच नाही, हात मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाल्या, ‘तसं नाही गं. एसटीचं होतं.’

तिथून ज्या सुटल्या. वरच्या दोन वाड्यांतून येणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळी एकच गाडी होती, सव्वापाचची. शाळा पाचला सुटायची. मग दहावीचे जादा तास सुरू झाले, सहापर्यंत. गाडी चुकली की पुढची आठला. आई-बापांनी भांडण नाही केलं, कुणी ‘मुलीला शिकवायचं नाही’ म्हणालं नाही. नुसत्या जादा तासांना मुली यायच्या बंद झाल्या, मग चाचणीत मागं पडल्या, मग सहामाहीला आल्याच नाहीत. बाईंनी एका वर्षी स्वतः डेपोत अर्ज दिला होता. त्याची पोच अजून त्यांच्या कपाटात आहे. डेपोतल्या साहेबांनी सांगितलं, शाळेची वेळ बदला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, गाडीची बदला.

मग पाण्याच्या टाकीचं. मुलींच्या स्वच्छतागृहात टाकी होती, पण ती भरायची मोटर मुलांच्या बाजूला, आणि मोटरची किल्ली शिपायाकडं. तो दुपारी घरी जेवायला जायचा. बाईंनी हिशोबच सांगितला, आठवी ते दहावीच्या कुठल्या मुली महिन्यातले कुठले चार दिवस गैरहजर. हजेरीपटावर पेन्सिलनं बारीक टिंब करून ठेवायच्या त्या. बावीस वर्षांचे हजेरीपट, त्यातले सात-आठ वर्षांचे तरी टिंबांसकट सापडतील म्हणाल्या. मी विचारलं, हे कुणाला दाखवलंत? म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही.

तीन तासांत अकरा पानं झाली. मी एक शब्द माझा घातला नाही, फक्त ऱ्हस्व-दीर्घ. चहा दोनदा आला, दोनदा गार झाला. जाताना म्हणाल्या, पुढच्या रविवारी हजेरीपट घेऊन येते. आणि दारातून परत वळून विचारलं, ‘पण याला संशोधन म्हणतात का गं? यात संदर्भ कुठं आहेत?’ मला उत्तर देता आलं नाही. सर, ते तुम्हाला विचारायचं होतं.

काल दुसरा रविवार. बाई आल्या नाहीत, त्यांचे मिस्टर आले. म्हणाले, आईला दवाखान्यात हलवलंय, हिला आता जमणार नाही. पुण्याच्या सरांशी बोलणं झालंय, मजकूर तयार आहे, ते कुणाकडून तरी सुधारून घेतील, या महिन्यात जमा करायचंय. मी म्हटलं, ही अकरा पानं तरी त्यात घाला. ते म्हणाले, सरांना विचारलं, सर म्हणाले साच्यात बसत नाही आणि एसटीचं घातलं तर परीक्षक उगीच प्रश्न विचारतील. तरी पेनड्राइव्ह द्या, हिनं मागितलाय.

दिला. एक प्रत मशीनवर ठेवून घेतली, ते बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ठेव.

बारा हजारांचं काम मी घेतलं नाही हे सांगायचं राहिलं. चौकातल्या नव्या सायबर कॅफेवाल्यानं घेतलंय, आज सकाळी त्यानंच मला विचारलं, ‘ताई, परिकल्पना आणि गृहीतक यात फरक काय असतो?’ सांगितला.

मिस्टरांनी जाताना बिल विचारलं. अकरा पानांचे एकशे पासष्ट झाले. त्यांनी दीडशे दिले.